मधुमेह्याची दिवाळी आणि भट्टीवरची नानकटाई

वैशाखाच्या उकाड्यात दिवाळीच्या फराळाची गोष्ट काढावी, हे काही श्रोत्यांना अवेळीचे वाटले असेल. विषय ऐकून व्याख्यानमालेच्या चिटणिसांनीही एकवार आमच्याकडे रोखून पाहिले होते. पण आमचे म्हणणे असे की, या विषयाला वसंत ऋतूच योग्य. दिवाळीच्या आठवड्यात घरात कोणालाही मान वर करावयास सवड नसते. शिवाय नवा पदार्थ पहिल्या खेपेस साधत नाही. तो दोनदा बिघडतो तेव्हा तिसऱ्यांदा जमतो. हे बिघडणे सणाच्या दिवशी कोणालाच परवडत नाही. तेव्हा हाताशी चारसहा महिने आहेत तोवरच हा विचार झालेला बरा.

विषय थोडक्यात असा : ज्या घरात मधुमेही माणूस आहे, त्या घरी सणाचा भाजलेला गोड पदार्थ कमी पिष्टाचा कसा करावा, आणि तोही सामान्य मिळकतीच्या कुटुंबाला झेपेल अशा खर्चात कसा करावा. हा प्रश्न आता चार घरांपुरता उरलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशातील दर शंभर प्रौढांमागे अकराहून अधिक माणसांना मधुमेह आहे. एकूण आकडा दहा कोटींच्या वर जातो, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले आणखी तेरा कोटी आहेत. या मांडवात बसलेल्यांपैकी ज्याच्या घरी वा नात्यात एकही मधुमेही नाही, असा गृहस्थ शोधून काढावा लागेल.

आमच्या घरी तो आमच्या वडिलांना होता. त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू. दिवाळीच्या पहिल्या दिवशी अभ्यंगस्नान उरकून सारे फराळाला बसले की सगळ्यांपुढे भरलेली ताटे येत आणि अण्णांपुढे वाटीभर फुटाणे व बिनसाखरेचा चहा. “मला काही नको, तुम्ही खा,” असे ते म्हणत, आणि आम्हांला ते खरे वाटे. एके वर्षी रात्री स्वयंपाकघरात डब्याचे झाकण वाजले. दुसऱ्या दिवशी आम्ही काय करावे? नानकटाईच्या डब्यातील नग मोजले आणि झाकणाच्या आतल्या बाजूस पेन्सिलीने आकडा लिहून ठेवला. पुढे दोन दिवसांनी तो आकडा अण्णांच्या दृष्टीस पडला. ते काही बोलले नाहीत. त्या वर्षी त्यांनी फुटाण्यांनाही हात लावला नाही. सत्तरीच्या माणसावर त्याच्याच घरात पाळत ठेवून आम्ही त्याची साखर काडीइतकीही उतरवली नव्हती, हे उमगावयास आम्हांला फार वेळ लागला. आजच्या या विवेचनाचा उगम त्या झाकणावरच्या आकड्यात आहे.

साखरेची बहीण

प्रथम रोगाचा व अन्नाचा संबंध पाहू. आपल्या अन्नातील प्रथिने, स्निग्ध पदार्थ व कर्बोदके या तिहींपैकी रक्तातील साखर सर्वांत लवकर व सर्वांत जास्त वाढवितात ती कर्बोदके. साखर हे कर्बोदक, तसे मैद्यातील पिष्ट हेही कर्बोदकच. पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या कणांची लांबलचक साखळी. ती जिभेला गोड लागत नाही म्हणून आपण तिला निरुपद्रवी समजतो. पण आतड्यात पोहोचताच तिचे दुवे सुटतात आणि रक्तात शेवटी ग्लुकोजच उतरते. पिष्ट ही साखरेची बहीण आहे. फक्त ती वेष पालटून येते. कर्बोदकांपैकी जो भाग आपल्याला पचत नाही, त्याला आपण चोथा म्हणतो. तो साखर वाढवीत नाही, उलट तिची चढण थोडी मंद करतो. म्हणून एखाद्या पदार्थाचा हिशोब करताना चोथा वजा जाता उरणारी, म्हणजे पचणारी कर्बोदके मोजावयाची असतात.

हे ज्ञान नवे नाही. आपल्या वैद्यकाने प्रमेहाच्या रोग्याला भाताऐवजी यवाचे अन्न सांगितले होते. युरोपात १८७०-७१ साली पॅरिसला वेढा पडला, शहरात अन्नाचा तुटवडा झाला, आणि बूशार्दा नावाच्या फ्रेंच वैद्याच्या ध्यानात आले की, उपाशी शहरातील मधुमेह्यांच्या लघवीतील साखर नाहीशी होत आहे. याच बूशार्दाने त्यापूर्वी आपल्या रोग्यांसाठी गव्हातले पिष्ट धुऊन काढून उरलेल्या चिकट भागाचा पाव करविला होता. कमी पिष्टाच्या भट्टीकामाचा आरंभ हाच म्हणावयास हरकत नाही. पुढे १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांना इन्सुलिन गवसले. १९२२ च्या जानेवारीत ते पहिल्यांदा एका मुलाला टोचण्यात आले, आणि अर्धपोटी जगण्याची शिक्षा मधुमेह्यांना उरली नाही. पण औषध आले म्हणून ताटाचा हिशोब संपला असे मात्र झाले नाही.

‘शुगर फ्री’ची पाटी

या हिशोबात सामान्य माणूस कोठे चुकतो, हे आम्ही आमच्याच चुकांवरून सांगतो. अण्णांसाठी आम्ही पहिला उपाय केला तो बाजारातून ‘शुगर फ्री’ असे छापलेली नानकटाई आणण्याचा. दुकानाचे नाव सांगण्याचे कारण नाही. किंमत नेहमीच्या तिप्पट होती. अण्णांनी मोठ्या आनंदाने चार खाल्ल्या आणि दोन तासांनी यंत्रावर पाहतो तो साखर चढलेली. मग डोळ्यांवर चष्मा लावून आम्ही खोक्यावरील बारीक अक्षरे वाचली. पहिलाच घटक मैदा होता.

यात दुकानदाराने कायदा मोडला होता असे नाही. आपल्याकडील अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे शंभर ग्रॅम पदार्थात अर्ध्या ग्रॅमहून अधिक साखर नसली की त्यावर ‘शुगर फ्री’ असे लिहिता येते. त्या शब्दांत पिष्टाविषयी अवाक्षर नाही. शंभर ग्रॅम मैद्यात पचणारी कर्बोदके सत्तरहून अधिक असतात. म्हणजे साखर काढून टाकली तरी तिची बहीण घरात ठाण मांडून बसलेलीच. तेव्हा पहिला नियम असा की, खोक्याची दर्शनी बाजू वाचू नये, पाठ वाचावी. आणि तेथे ‘एकूण कर्बोदके’ हा आकडा शोधावा.

दुसरी चूक नाचणीची. नाचणी पौष्टिक आहे, तिच्यातील कॅल्शियम विशेष आहे, हे सारे खरे. पण नाचणी, ज्वारी व बाजरी या तिहींतही शंभर ग्रॅमांत साठ ते सत्तर ग्रॅम पचणारी कर्बोदके असतात. चोथ्यामुळे मैद्यापेक्षा त्या बऱ्या, इतकेच. नाचणीच्या नानकटाईला कमी पिष्टाची म्हणता येणार नाही. तिसरी चूक गुळाची. गूळ म्हणजे लोह, गूळ म्हणजे देशी, म्हणून गूळ चालतो, असे आमच्या घरातील वडीलधारी मंडळी अजूनही म्हणतात. गुळातही शंभरात नव्वदच्या आसपास साखरच असते. मध व खजूर यांचीही वाट तीच. रक्ताला स्वदेशी व परदेशी साखर यांतील भेद कळत नाही.

नानकटाईच का?

आता प्रश्न असा की, फराळातील कोणता पदार्थ सुधारावयास घ्यावा. येथे पाकशास्त्राचे एक मर्म आहे, आणि तेच या लेखाचे मुख्य सांगणे आहे. मैदा काही पदार्थांचा कणा असतो, तर काहींत तो नुसता भरणा असतो. पाव फुगतो तो मैद्यातील चिकट प्रथिनामुळे, ज्याला ग्लुटेन म्हणतात. त्याचे जाळे हवा धरून ठेवते. ते काढले तर पावाचा दगड होतो. शंकरपाळ्याचे पदर, करंजीची पारी हीदेखील त्याच चिकटीवर उभी असतात. नानकटाईचे नेमके उलट आहे. तिच्यात तूप आधी फेसून मग मैदा घालतात, तो एवढ्यासाठीच की, तुपाने प्रत्येक कण वेढला जावा आणि चिकटी तयारच होऊ नये. चिकटी झाली की नानकटाई खुसखुशीत न होता चिवट होते. ज्या पदार्थात आपण मैद्याचा मुख्य गुण मुद्दाम मारून टाकतो, त्यातून मैदाच काढून टाकला तर बिघडले कोठे?

नानकटाईचे कूळ सुरतेचे सांगतात. तेथील डच वखारवाल्यांसाठी चालणारी भट्टी पारशी बेकरीवाल्यांकडे आली आणि पुढे तेथे हा पदार्थ घडला, अशी कथा आहे. आपल्याकडे ती दिवाळीची झाली ती भट्टीमुळे. पुण्यामुंबईच्या जुन्या वस्त्यांतून दिवाळीआधी आठपंधरा दिवस लोक मैदा, पिठीसाखर व तूप घेऊन बेकरीच्या दाराशी उभे राहतात, ही चाल काही ठिकाणी अजून टिकून आहे. तळणीच्या फराळात एवढा एकच पदार्थ भाजलेला. म्हणून तो हाताशी धरावा असे आम्हांला वाटले.

बदाम आणि शेंगदाणा

परदेशात कमी पिष्टाचे बिस्किट म्हटले की बदामाचे पीठ हे ठरलेले, आणि आपल्याकडील हौशी मंडळीही तेच सांगतात. बदाम उत्तम खरा. त्यात शंभरात दहाच्या आत पचणारी कर्बोदके. पण सणाच्या डब्यासाठी अर्धा किलो बदाम दळावयाचे म्हणजे महिन्याच्या किराण्यावर घाला. तेव्हा आम्ही कोष्टके मांडून बसलो. शेंगदाण्यात शंभरास दहा ते सतरा, सुक्या खोबऱ्यात सुमारे आठ, तिळात अकराच्या आसपास, आणि हरभऱ्याच्या डाळीत सत्तेचाळीसच्या सुमारास. बदाम आणि शेंगदाणा यांत अंतर पडले ते शंभर ग्रॅमांमागे सातआठ ग्रॅमांचे. किमतीत अंतर सामान्यतः पाचपटीचे. ज्या घरात शेंगदाण्याचे कूट रोज भाजीत पडते, त्या घराने बदामासाठी कर्ज काढण्याचे कारण नाही.

शेंगदाणा व हरभरा यांची जोडी काही आम्ही शोधून काढलेली नाही. म्हैसूरच्या केंद्रीय अन्नसंशोधन संस्थेने पूर्वी कुपोषणावर जे बहुगुणी अन्न सिद्ध केले, त्यात तीन भाग शेंगदाण्याचे तेल काढलेले पीठ व एक भाग हरभऱ्याचे पीठ होते. गरिबाला पोसण्यासाठी जी जोडी निवडली गेली, तीच मधुमेह्याचा सण साजरा करावयास उपयोगी पडते.

आमचे प्रमाण, दोनदा बिघडून तिसऱ्यांदा ठरलेले, असे : शेंगदाण्याचे बारीक कूट १५० ग्रॅम, बेसन ७५ ग्रॅम, सुक्या खोबऱ्याचा बारीक कीस ५० ग्रॅम, साजूक तूप ६० ग्रॅम, पिठीसाखर ४५ ग्रॅम, चिमूटभर मीठ, चिमूटभर बेकिंग पावडर, वेलदोडा व जायफळ. इतक्यात सोळासोळा ग्रॅमांचे चोवीस नग होतात.

पहिल्यांदा बिघडले ते कुटामुळे. गरम दाणे यंत्रात घातले आणि ते सलग फिरविले; दाण्याने तेल सोडले, कुटाचा गोळा झाला, आणि भट्टीत नानकटाई पसरून तिची पोळी झाली. दाणे मंद आचेवर भाजावेत, सोलावेत, पूर्ण गार होऊ द्यावेत, आणि त्यांत मूठभर बेसन मिसळून थांबून थांबून दळावेत. बेसन सुटलेले तेल शोषून घेते. दाणे निवडण्यात मात्र आळस नको. काळपट, सुरकुतलेला, बुरशीचा वास येणारा दाणा टाकून द्यावा. १९६० साली इंग्लंडात लाखभर टर्की कोंबड्या मेल्या. शोध घेता त्यांच्या खाद्यातील शेंगपेंडीच्या बुरशीत यकृताला घातक असे विष सापडले. ते भाजण्याने पूर्णपणे जात नाही. याच कारणास्तव, स्वस्त पडते म्हणून गुरांच्या खाद्याची पेंड स्वयंपाकघरात कधीही आणू नये.

दुसऱ्यांदा बिघडले ते बांधणीमुळे. चिकटी नाही म्हटल्यावर भाजलेली नानकटाई उचलताच भुगा झाली. त्यावर तीन उपाय लागू पडले. बेसन कोरडेच मंद आचेवर खमंग भाजून घ्यावे, म्हणजे कच्चा वासही जातो. चमचाभर जवस दळून दोन चमचे कोमट पाण्यात भिजवावे व तो बुळबुळीत लगदा पिठात घालावा. ज्यांच्याकडे अंडे चालते त्यांनी थोडा पांढरा बलक घ्यावा. आणि मळलेला गोळा अर्धा तास झाकून ठेवावा. तूप सारे एकदम न घालता हाताला गोळा बांधता येईल इतकेच घालावे, कारण दाण्यात जवळजवळ निम्मे तेल आधीच आहे.

भाजणे मैद्याच्या नानकटाईपेक्षा मंद हवे. दाणा व खोबरे लवकर करपतात. घरी विजेची भट्टी असेल तर १५० ते १६० अंशांवर अठरा ते बावीस मिनिटे. ती नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात मिठाचा थर, वर तिवई, तिच्यावर ताटली व घट्ट झाकण, आणि बारीक आच. बेकरीत न्यावयाची असेल तर पावाचे भाजणे संपून भट्टी उतरू लागते तेव्हा न्यावी आणि आपला पत्रा शेवटी घालावयास सांगावे. आमच्या ओळखीच्या भट्टीवाल्याने पिठाकडे पाहून प्रथम, “साहेब, हे काय आणलेत?” असे विचारले, पण एक चाखल्यावर पत्रा स्वतः फिरविला. मुंबईत २०२५ च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने लाकूड व कोळशावरील भट्ट्या स्वच्छ इंधनावर नेण्याचा आदेश दिला. इंधन बदलले की भट्टीची आचही बदलते. म्हणून मिनिटांपेक्षा रंगावर भिस्त ठेवावी. कडा बदामी झाल्या की काढावी. गरम असताना ती मऊच लागते. पत्र्यावर पूर्ण निवाल्याशिवाय हात लावू नये.

गोडीचा प्रश्न

श्रोते विचारतील की, साखर ४५ ग्रॅम ठेवलीतच कशासाठी? कारण साखर नुसती गोडी देत नाही. ती रंग आणते, कुरकुरीतपणा आणते. ती मुळीच न घालता केलेली नानकटाई फिकी व भुसभुशीत होते. तरीही साखर नकोच असे ज्यांना वैद्यांनी बजावले आहे, त्यांनी पर्याय डोळसपणे निवडावा. सॅकरीन हे जुने, १८७९ पासूनचे, त्याची कडवट चव मागे राहते. अस्पार्टेम भट्टीच्या उष्णतेत आपली गोडी गमावते. सुक्रालोज उष्णता सोसते, पण चिमटीभर लागत असल्याने साखरेचा भरणा भरून निघत नाही. एरिथ्रिटॉल साखरेसारखे दिसते, त्याची गोडी तिच्या दोनतृतीयांशाच्या आसपास, जिभेवर ते गार लागते, आणि किंमत साखरेच्या कित्येक पट. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात रक्तातील त्याचे वाढते प्रमाण व हृदयविकार यांचा संबंध दिसला. तो कार्यकारणाचा आहे असे सिद्ध झालेले नाही, तथापि रोज मुठीने खाण्याची ही वस्तू नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याच वर्षी, वजन उतरविण्यासाठी कृत्रिम गोडीवर विसंबू नये असे सांगितले. मधुमेह्यांना तो सल्ला उद्देशून नव्हता, हेही नमूद केले पाहिजे. आमचा अनुभव असा की, साखर निम्म्याहून कमी करून वेलदोडा, जायफळ व चिमूटभर मीठ यांचा हात सैल सोडला, तर आठ दिवसांत जिभेला तेच गोड लागू लागते. हा सर्वांत स्वस्त पर्याय.

पडताळा

आता जमाखर्च मांडू. मैद्याची नानकटाई, २५० ग्रॅम मैदा व प्रत्येकी १५० ग्रॅम साखर व तूप घेऊन केली, तर सोळा ग्रॅमांच्या एका नगात सुमारे दहा ग्रॅम पचणारी कर्बोदके पडतात. आमच्या नानकटाईत ती साडेचारच्या आसपास येतात; साखर काढून एरिथ्रिटॉल घातले तर अडीचच्या आसपास. तीन साध्या नानकटाया म्हणजे दोन लहान फुलके. आमच्या तीन खाल्ल्या तर एका फुलक्याहून किंचित कमी. कमी म्हणावयाचे ते इतके. शून्य नव्हे.

खर्चाचे पाहता, साजूक तुपातील मैद्याच्या नानकटाईइतकाच नगामागे खर्च येतो, कारण दाण्याने तूप वाचविले. वनस्पती तुपातील नानकटाईपेक्षा ती महाग पडते, हेही लपवावयाचे नाही. बदामपिठाची केली तर मात्र तिप्पट.

एक गोष्ट मात्र मनाविरुद्ध निघाली, ती सांगणे आमचे कर्तव्य आहे. उष्मांक कमी झाले नाहीत. मैद्याच्या एका नगात सुमारे त्र्याऐंशी, तर आमच्या नगात नव्वदच्या घरात. पिष्ट गेले त्या जागी स्निग्धांश आला, आणि एक ग्रॅम पिष्टाचे चार उष्मांक तर स्निग्धांशाचे नऊ. म्हणून ‘मधुमेह्याची आहे’ असे म्हणून डबा मांडीवर घेऊन बसू नये. दोन नग पुरेत; तेही रिकाम्या पोटी चहाबरोबर नकोत, जेवणाच्या शेवटी असावेत, आणि त्या जेवणातील एक पोळी कमी करावी. पहिल्या खेपेस जेवणापूर्वी व दोन तासांनी साखर तपासून पाहावी. प्रत्येक देहाचे गणित वेगळे असते. जे इन्सुलिन घेतात किंवा साखर जोराने उतरविणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणातील पिष्ट एकाएकी कमी करू नये. साखर वाजवीपेक्षा खाली जाणे हे ती चढण्याहून तातडीचे संकट. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनीही आधी विचारावे. शेंगदाण्याचे वावडे असलेल्यांनी या वाटेला जाऊच नये.

बाकीच्या फराळाचे थोडक्यात सांगतो. चकलीची भाजणी मुख्यतः तांदळाची, अनारसा तांदूळ व गुळाचा, चिवडा पोह्यांचा. यांतून पिष्ट काढले तर पदार्थच उरत नाही. ते आहेत तसेच करावेत आणि चवीपुरते खावेत. बेसनाच्या लाडवात साखर निम्मी व थोडे दाण्याचे कूट खपून जाते. गोव्याकडे नाताळात होणाऱ्या बोलिन्यांत खोबरे मुळातच भरपूर असते. तेथील गृहिणींनी रव्यापुरता हाच हिशोब करून पाहण्याजोगा आहे.

शेवटी पुन्हा त्या डब्याकडे येऊ. तिसऱ्यांदा साधलेली नानकटाई आम्ही दिवाळीत केली तेव्हा घरात एक वाद झाला. अण्णांची वेगळ्या डब्यात ठेवावी असे काहींचे मत. आईने ते ऐकले नाही. “एकच डबा करा, सगळ्यांची तीच,” असे ती म्हणाली. तिचे म्हणणे शास्त्रालाही धरून होते, कारण मधुमेह्याच्या मुलांना हा रोग होण्याचा धोका इतरांहून अधिक; पिष्ट कमी झाले तर त्यांचेही बरेच. त्या वर्षी अण्णांच्या पुढ्यात आमच्यासारखेच ताट आले. त्यांनी दोन नानकटाया घेतल्या. तिसरी घ्या असा नातवाने आग्रह केला, तेव्हा, “उद्या घेईन,” असे म्हणून त्यांनी स्वतःच झाकण लावले. त्या झाकणावर आकडा नव्हता.

आरोग्यशास्त्राने माणसाच्या ताटातून काय काढावे हे आपल्याला पुष्कळ शिकविले आहे. जे काढले त्याच्या जागी काय ठेवावे, आणि ते किती पैशांत, हे घराघरांतून ठरावयाचे आहे. दिवाळीला अजून अवकाश आहे. श्रोत्यांनी येत्या पावसाळ्यात एखाद्या रविवारी पाव किलो दाणे घेऊन पहिला घाणा करून पाहावा. तो बहुधा बिघडेल. दुसरा बरा होईल. दिवाळीपर्यंत तिसरा नक्की साधेल, आणि त्या दिवशी आपल्या घरातील कोणा वडीलधाऱ्याला “मला काही नको” असे खोटे बोलावे लागणार नाही.